टाकीतला पाऊस

मे महिना लागला की आमच्या सोसायटीतली माणसं एकमेकांना नमस्कार करायचं सोडून नुसतं "आज आहे का?" असं विचारतात. काय आहे का, हे सांगावं लागत नाही. नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस कुठल्या गल्लीत दिसला ही बातमी पळून लग्न केलेल्या मुलीच्या बातमीपेक्षा जोरात पळते. यंदाही तेच चाललंय. पेपरात पहिल्या पानाच्या कोपऱ्यात रोज धरणातल्या साठ्याचा आकडा येतो. काल त्या आकड्याच्या जागी तो जुना शब्द छापून आला होता. मृतसाठा. आईनं चष्मा पुसून तो मोठ्यानं वाचला. "तुमचा बॅन्ड आलाय रे पेपरात," असं म्हणून ती स्वतःच हसली.

मला हसू आलं नाही. मी दमलोय. उन्हानं दमलोय म्हणावं तर हे ऊन जन्मापासूनचं आहे. कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, म्हणून तो नुसताच गरम वारा फेकतोय. माझ्या डाव्या हाताची अनामिका सकाळी वाकलेली असते आणि ती उजव्या हातानं सरळ करावी लागते. डॉक्टर म्हणतात, गिटार बंद करा, नाहीतर एक दिवस बोट असंच राहील. आणि काल फोनवर मिलिंदचा निरोपही पडून होता: "काय ठरवलं?"

धरणाचं पाणी उतरत उतरत दरवाज्यांच्याही खाली गेलं की जे तळाशी उरतं, जे आपणहून बाहेर येत नाही, पंप लावून उपसावं लागतं, त्याला मृतसाठा म्हणतात. हेवी मेटल वाजवणाऱ्या पोरांना नाव ठेवायचं तर कवटी, रक्त, सैतान असलं काहीतरी शोधावं लागतं. आम्हाला जायकवाडीनं आयतं दिलं. तो असाच दुष्काळाचा उन्हाळा होता आणि आम्ही तिघंही पंचविशीत होतो. मी गिटार वाजवायचो, गाणी लिहायचो आणि ती ओरडायचोही. मिलिंद ड्रम वाजवायचा आणि वाळूजला एका कारखान्यात पाळीवर जायचा. इम्रान बेस वाजवायचा. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या घरात बाबा कॉलेजातले कारकून, संध्याकाळी पेटीवर नाट्यगीतं. मिलिंदच्या घरात भीमगीतं. इम्रानच्या घरात कशालाच परवानगी नव्हती, म्हणून सगळ्यांत जास्त संगीत त्यानंच ऐकलेलं होतं.

त्या उन्हाळ्याची आठवण काढली की सगळ्यात आधी वास येतो, ओल्या नव्हे, कोरड्या सिमेंटचा. बीड बायपासला तेव्हा जिकडंतिकडं इमारती उठत होत्या. ज्वारीच्या रानात चुना मारून प्लॉट पाडलेले, मधेच एखादं बाभळीचं झाड, त्याला बिल्डरची पाटी. शहर असं पसरत होतं आणि त्याच वेळी त्याचे नळ आटत चालले होते, हे दोन्ही एकाच पेपरात छापून यायचं आणि कुणाला त्यात विशेष वाटायचं नाही. शेवटी बांधकामांना पाणी बंद झालं. इमारती जिथल्या तिथं थांबल्या. कुठं नुसते खांब, कुठं जिना आकाशात जाऊन संपलेला.

अशाच एका थांबलेल्या इमारतीवर मिलिंदचे वडील वॉचमन होते. त्यांना आम्ही सगळेच अप्पा म्हणायचो. अप्पा नोकरीपुरते वॉचमन होते. खरे ते गायक. एप्रिलमध्ये जयंती आली की पांढराशुभ्र सदरा घालून ते गंगापूरपासून शेंद्र्यापर्यंत गावोगाव गात फिरायचे आणि महिनाअखेरीला बसलेला घसा घेऊन परत यायचे. त्या इमारतीखाली पाण्याची भली मोठी टाकी बांधून झाली होती. तिच्यावरचा स्लॅब अर्धाच पडलेला, बाकी उघडी. आत बांबूच्या शिडीनं उतरावं लागायचं. मिलिंदनं एके दिवशी आत उतरून टाळी वाजवली आणि वर तोंड करून हाक मारली, "अरे, या बे खाली. इथं टाळी बी ढोलासारखी वाजती."

आम्ही ड्रम दोरीनं खाली सोडले. तात्पुरत्या मीटरवरून वायर ओढली. भर दुपारी, सगळं शहर पडदे ओढून पडलेलं असताना, आम्ही जमिनीखाली वाजवत बसायचो. वर डांबर वितळत असायचं आणि आत पाठ भिंतीला टेकवली की गार वाटायचं. गिटारचा एक स्वर सोडला की तो चारी भिंतींना धडकून अंगावर परत यायचा. पुढं मी चांगल्या चांगल्या स्टुडिओत वाजवलं. तसा आवाज मला पुन्हा मिळाला नाही. तसा आनंदही मिळाला नाही, हे म्हणायला आता लाज कशाची!

अप्पा वर कडेला उकिडवे बसून ऐकायचे. "तुमी गाता का भांडता रं?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"अप्पा, हेच गाणं हाय," मिलिंद म्हणाला.

"आसंल बाबा. माझा घसा बसला की लोकं काढा देत्यात. तुमचा बसलेलाच हाय, न् तुमाला टाळ्या पाहिजेत." मग जरा थांबून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला बी घ्या की मग तुमच्यात."

त्या कोरड्या हवेनं माझ्या गिटारलाही सोडलं नाही. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावर तारा दाबायच्या. हवेतली ओल गेली तसं मानेचं लाकूड आकसलं आणि पट्ट्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आली. हात फिरवला की तळव्याला ओरखडे पडायचे. मी म्हटलं, पट्ट्या सैल झाल्या असतील. मिलिंदनं कारखान्यातून बारीक कानस आणली आणि आम्ही दोघांनी बसून ती टोकं लाकडाच्या पातळीला घासून टाकली. लोण्यासारखी मान झाली. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं. पुढं पावसाळ्यात लाकूड फुगलं, पुन्हा मूळच्या मापाला आलं, आणि पट्ट्या मात्र आखूडच राहिल्या. तेव्हापासून सगळ्यांत बारीक तार कडेवरून घसरते. दाबली की निसटते. नवी गिटार घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मी बारीक तारेवर जायचंच सोडलं आणि सगळी गाणी जाड तारांवर बांधली. नंतर एका मोठ्या शहरातल्या समीक्षकानं लिहिलं, की या गिटारवादकानं उंच स्वर जाणीवपूर्वक नाकारले आहेत. वाचून मिलिंद इतका हसला की त्याला ठसका लागला.

तर त्या टाकीत आमचा पहिला अल्बम तयार झाला. नाव 'कोरड'. शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं, 'तळ' नावाचं. त्याच्या दोनच ओळी झाल्या होत्या:

तळाशी जे उरलं ते कुणाच्या नळाला येत नाही,
आणि जे वाहून गेलं त्याचं नाव कुणी घेत नाही.

पुढचं सुचत नव्हतं, आणि घाई तर होतीच. कारण आम्हा तिघांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाऊस पडला की बांधकाम सुरू होणार, आणि टाकी जाणार. सगळं शहर आभाळाकडं बघत होतं. माझी आई शेजारच्याच कॉलनीत हंडे, बादल्या, जुने कुकर, देवघरातली कळशीसुद्धा रांगेत लावून बसलेली असायची. आणि आम्ही टाकीत बसून ढग मोजायचो आणि नको म्हणायचो. इम्रान म्हणायचा, "अभी नक्को रे बाबा बारिश. एक गाना बाकी है." मिलिंद म्हणायचा, "गप ए. आईनं ऐकलं तर हाणील." दोघंही बोलायचे ते गमतीनं. पण संध्याकाळी घरी गेलो की आईच्या हातातला हंडा घेऊन मी न सांगताच रांगेत उभा राहायचो.

पाऊस आलाच नाही. आला तो टँकर. बिल्डरला दम निघेना. त्यानं कुठूनतरी विहिरीचं पाणी मिळवलं. अप्पांनी आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या सांजच्याला पाणी पडतंय टाकीत. दुपारपत्तर काय वाजवायचं ते वाजवून घ्या." जयंतीचे कार्यक्रम नुकतेच संपले होते. त्यांचा घसा असा बसला होता, की हे वाक्यही त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच उतरलो. इम्रानचं जुनं रेकॉर्डिंगचं यंत्र बॅटरीवर चालायचं. ते त्यानं शिडीला बांधलं. 'तळ' आम्ही पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो आणि दर वेळी कुठंतरी फिसकटत गेलं. आणि मग एकदा असं झालं, की कुणी कुणाकडं बघितलं नाही आणि गाणं आपोआप पुढं सरकायला लागलं. दोनच ओळी होत्या, त्याच मी वेगवेगळ्या तऱ्हेनं ओरडत राहिलो. आयुष्यात अशी दुपार एकदाच येते, आणि ती आली आहे हे त्या वेळी कळतही नाही.

टँकर संध्याकाळचा दुपारीच आला. टँकरची वेळ म्हणजे टँकर येईल ती वेळ. ड्रायव्हर घाईत होता. त्यानं पाइप आणून उघड्या बाजूला टाकला आणि कॉक फिरवायला गेला. खालच्या गोंगाटाला तो बांधकामावरचं कुठलंतरी यंत्र समजला, खाली माणसं आहेत हे त्याला काय माहीत! अप्पा कडेला आले आणि ओरडले. पण ओरडायला आवाज होता कुठं? आणि असता तरी आमच्या त्या गदारोळात ऐकू आला नसता. आम्ही तिघंही डोळे मिटून वाजवत होतो. हातात विजेची गिटार, पायाखाली वायरी, आणि वरून पाणी सुटणार होतं. अप्पांनी धावत जाऊन बोर्डावरचा खटका ओढला.

गिटार मध्येच मेली. बेस मेला. मिलिंदला काही कळलं नाही, तो आणखी चारदोन ठोके वाजवत राहिला, आणि मग तोही थांबला. त्या शांततेत पलीकडच्या भिंतीपाशी पाणी पडायला लागलं. आधी नुसती धार, मग सगळी टाकी घुमायला लागली. आणि वरून घोगरा, फाटलेला आवाज आला, "वर या! वर या रं पोरांहो!"

आम्ही ड्रम, ॲम्प, वायरी जे हाताला लागेल ते घेऊन शिडीवर चढलो. वर येऊन बघतो तर कॉलनीतल्या बाया घागरी घेऊन गेटाशी उभ्या होत्या. त्यांत माझी आईही होती. कुणी भांडलं नाही. सगळ्या नुसत्या त्या जाड पाइपाकडं बघत होत्या. अप्पांनी ड्रायव्हरशी काहीतरी बोलणं केलं आणि शेवटचं थोडं पाणी गेटाकडं वळवलं. आईनं घागर भरली, मला ओलाचिंब आणि सिमेंटनं माखलेला बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "हे धर आधी, जड आहे."

इम्रानच्या यंत्रात हे सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. गिटारचं मध्येच मरणं, मिलिंदचे उरलेले ठोके, पाणी, आणि अप्पांचा आवाज. परत वाजवायला टाकी नव्हती, म्हणून आम्ही ते तसंच अल्बममध्ये घातलं. आणि तेच लोकांनी उचललं. यंत्रांचा कोलाहल थांबतो आणि दुष्काळावर पाऊस कोसळतो, वा! लोकांनी असं लिहिलं. गुवाहाटीच्या पोरांनी लिहिलं, की हा पाऊस ऐकून आम्हाला घर आठवलं. शेवटी घोगऱ्या आवाजात ओरडणारा तो गायक कोण, असंही विचारत राहिले. पहिल्या पहिल्यांदा आम्ही सांगायचो. पण टँकर म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. त्याचा पाऊस कशाला काढून घ्या, म्हणून नंतर नंतर आम्ही काही बोलेनासे झालो.

या अल्बमवर आम्ही पुढची सगळी वर्षं काढली. पुणे, बंगळूर, डोंगरातली लांबलांबची गावं. रेल्वेत ड्रमच्या पेटीवर डोकं ठेवून झोपलो. अंधारात हात वर करून माझे शब्द ओरडणारी पोरं बघितली, ज्यांना मराठीचा गंध नव्हता. आपल्या गावात मात्र एकदाच वाजवलं, एका कॉलेजच्या गॅदरिंगला. पहिल्याच गाण्यात प्राचार्य उठून साउंडवाल्याला म्हणाले, की तुमचं मशीन बिघडलंय, आधी बघून घ्या. आणखी तीन अल्बम केले. चांगले होते, 'कोरड'सारखे नव्हते. इम्रान दुबईला गेला. मिलिंद शेंद्र्याला सुपरवायझर झाला. मी मुलांना गिटार शिकवतो. त्यातल्या निम्म्यांच्या आयांना मी हिंदी सिनेमातली गाणी शिकवावी असं वाटतं, आणि मी शिकवतो. कुणी विचारलं की करिअर कसं झालं, तर मी म्हणतो, झालं. खोटं नाही ते. पण त्या शब्दातला थकवा विचारणाऱ्याला ऐकू येत नाही.

ती इमारत पुढं पूर्ण झाली आणि बाबांनी तिच्यातच पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यात दैवी वगैरे काही नाही. त्या बाजूला आवाक्यातलं तेवढंच होतं. बाबा गेले. आई आणि मी राहतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ती टाकी आहे. इतकी वर्षं मी तिचं पाणी पितोय.

आता कुणा उत्साही माणसांनी ठरवलंय, की पुण्याच्या एका महोत्सवात 'कोरड' पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाजवायचा. इम्रान दुबईहून यायला तयार आहे. शेवटच्या गाण्याला ते मंचावर खरा पाऊस पाडणार आहेत, पाइप लावून. मला निरोप वाचूनच बोट दुखायला लागलं. मी मिलिंदला नाही म्हणणार होतो. काल तो उत्तराची वाट न बघता दुपारीच येऊन धडकला.

सोसायटीनं टाकी धुवायला काढली होती. ती रिकामी होते तेव्हाच धुता येते, म्हणजे दुष्काळातच. धुणारी माणसं नुकतीच गेली होती. झाकण उघडं होतं. मिलिंदनं माझ्याकडं बघितलं आणि शाळेतल्या पोरासारखा लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरला. गुडघ्यांना शिव्या देत मीही उतरलो. वर आता पुरा स्लॅब, म्हणून आत बराच अंधार. मिलिंदनं टाळी वाजवली. आवाज भिंतींना धडकून परत आला.

"तुझं बोट बघितलं मी," मिलिंद म्हणाला. "नको म्हणशील तर मी काय बोलणार नाय. पण एक सांगू का? अप्पा जाऊन सहा महिने झाले. जन्मभर गायले, पण एकट्या अप्पाचा आवाज कुठंच नाय रे. मोबाईलात व्हिडिओ लई हायत, पण सगळे भोंगे न् गर्दी. सगळे धुंडाळले मी. आवाज हाय तो तेवढाच. वर या."

मी म्हटलं, "तोही बसलेला."

"बसलेला तर बसलेला. हाय ना." त्यानं भिंतीवर हात फिरवला. "एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकायचाय मला. लोकांत. बास."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि माझ्या दमण्याची थोडी चीडही आली. ज्या माणसानं खटका ओढला म्हणून आमचं पुढचं सगळं आयुष्य झालं, त्याला लोक इतकी वर्षं आमचा कुणी निनावी गायक समजत होते.

तेवढ्यात वर टँकरचा हॉर्न वाजला. या वेळी आम्ही शहाण्यासारखे लगेच वर आलो आणि झाकणाशेजारच्या कट्ट्यावर बसलो. ड्रायव्हरनं पाइप आत सोडला. पाणी पडायला लागलं. आधी नुसती धार, मग सगळी टाकी घुमायला लागली. मिलिंदनं डोळे मिटले. "त्योच," तो म्हणाला.

"त्यांना सांग, वाजवतो," मी म्हणालो. "शेवटचं एकदा. पण मंचावर पाऊस नको. गाण्याआधी अप्पांचं नाव सांगायचं, आणि हा टँकर आहे, हेही सांगायचं."

"लोकांना नाय आवडणार."

"नाही आवडणार."

तो मान हलवत राहिला. वरच्या खिडकीत बांगड्या वाजल्या. आईची दुपारची डुलकी मोडली असावी. आवाज अजून झोपेतच होता.

"पाऊस आला का रे?"

"नाही गं," मी म्हणालो. "टँकर आहे."

"बरं," आई म्हणाली. "मग भरून घे."